धवलारणीची खुर्ची

माझ्या सासूबाई लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या आधी जायच्या आणि सगळ्यांच्या नंतर निघायच्या. करावे गावाला वाटायचं, काय ही बाईची भक्ती! मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

कमळी चांगदेव, गावची धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण येते. ती जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक भरते, दिवा लावते, एकेका देवाला नावानं हाक मारून बोलावते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. तिनं गायल्याशिवाय नवऱ्यामुलीला हळद लागत नाही. सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहायला गेलेली गावची पोरंसुद्धा हॉल बुक करायच्या आधी आमच्या ओट्यावर नारळ घेऊन येतात. कॅटरर बदलता येतो, डीजे बदलता येतो, धवलारीण एकच.

मी मूळची साताऱ्याकडची. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. अंकुरशी लग्न करून या घरात आले तेव्हा गावानं मला 'घाटी सून' म्हणून टाकलं, ते आजतागायत. मला त्याचं काही वाटत नाही. रबाळ्याच्या एका कंपनीत ऑफिसात बसते, दिवसभर माणसांना चार शब्द सुनावते आणि घरी आल्यावर उरलेले अंकुरला सुनावते. सासूबाईंपुढे मात्र माझी जीभ कधी चालली नाही. त्यांचा आवाज लागला की अंगावर काटा यायचा, आणि अशा बाईला उलट काय बोलणार?

एका लग्नात माझा मोबाईल मांडवात विसरला. सगळे पंगतीला गेले होते. परत आले तर रिकाम्या मांडवात सासूबाई हातापायांवर रांगत खांबाकडे चालल्या होत्या. खांबाला दोन्ही हातांनी धरून त्या इंच इंच वर आल्या. दातांत पदर धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. उभं राहून वळल्या तर समोर मी.

त्यांनी आधी गुडघ्यावरची धूळ झटकली, मग पातळ सारखं केलं आणि मान खाली घालून म्हणाल्या, "प्रिया, कोनाला बोलू नको."

म्हणजे भक्ती नव्हती ती. बसताना कुणी बघू नये म्हणून आधी जायचं आणि उठताना कुणी बघू नये म्हणून शेवटी निघायचं. त्या रांगताना दिसल्या याची मलाच इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्यांच्याकडे सरळ बघितलं नाही. देव्हाऱ्यातल्या तांदळाच्या डब्यामागे दुखण्याच्या गोळ्या सापडल्या तेव्हा मात्र मी अंकुरला सांगितलं. शब्द मोडला, पण मोडायलाच हवा होता.

अंकुरचं एक आहे, त्याला कुठलीही गोष्ट आधी मोबाईलवर बघायची असते. त्यानं एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक बाई गुडघ्यात इंजेक्शन घेते आणि पुढच्या मिनिटाला डोंगर चढते. "आये, तुझंच रगात काढतान, मशीनीन फिरवतान, न् तेचीच नवीन गादी बनवतान," त्यानं सांगितलं. सासूबाईंनी व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. माघात रुतिकाचं लग्न होतं. रुतिका म्हणजे माझ्या थोरल्या, गावातच दिलेल्या नणंदेची, गीतांजलीची लेक, सासूबाईंची पहिली नात. तिच्या मांडवात जमिनीवर मांडी घालून धवला गायचा, एवढं एकच त्यांना हवं होतं.

सीवूड्सचा हाडांचा डॉक्टर अंकुरच्याच वयाचा. त्यानं एक्स-रे प्रकाशापुढे धरला आणि दोन हाडांमधली फट दाखवली. एका बाजूला ती जवळजवळ उरलीच नव्हती. अंकुरनं लगेच स्टेम सेलचं विचारलं.

"त्यावर अजून अभ्यास चालू आहे. कुणी खात्रीनं गादी उगवून देतो म्हणाला तर तिथून उठून या," डॉक्टर म्हणाला. "कूर्चेच्या पेशी वाढवून बसवतात, तेही होतं, पण ते तरुण माणसाचं, खेळताना एखादा तुकडा उडालेल्याचं काम. आजींची सगळीकडूनच झिजली आहे. यांच्या रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून गुडघ्यात देऊ शकतो. त्यानं सूज आणि दुखणं कमी होतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. आणि गेलेली गादी त्यानं परत येते असं मी सांगणार नाही."

सासूबाईंनी एकच विचारलं. "माझाच रगात ना? दुसऱ्या बाईचा नको."

"तुमचंच, आजी. पण त्या दुखण्याच्या गोळ्या बंद करायच्या, त्या घेतल्या तर इंजेक्शनचं काम बिघडतं. आणि मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. निदान दीड महिना. खरं सांगू का, त्यानंतरही नाही बसलात तर उत्तम."

दीड महिना एवढंच त्यांनी ऐकलं. जिना उतरताना अंकुरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, "डाक्टर सरल बोलाला घाबरतो. येल गादी."

दंडातून काढलेलं रक्त यंत्रात फिरून आलं तेव्हा वर पिवळसर पाणी जमलं होतं. ते गुडघ्यात गेलं. पहिले काही दिवस गुडघा असा ठणकला की सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, पण गोळीला हात लावला नाही. मग हळूहळू उतार पडला. बाजारातून मासळीची पिशवी स्वतः आणू लागल्या. "आतमधी भरतंय," असं त्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायच्या. गावात यातलं कुणालाच माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि त्या दीड महिन्यातच वामनच्या मुलाचं लग्न निघालं. वामन आमच्याच गावचा, पण दुसऱ्या भावकीतला. त्याची बायको वैशाली नारळ-सुपारी घेऊन ओट्यावर आली. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. मी आत चहा टाकत होते. डॉक्टरनं मनाई केली आहे, एवढं म्हणायला काय जात होतं? पण त्या आधी काहीबाही सांगत बसल्या, घरात कामं आहेत, घसा बसला आहे. वैशाली हुशार. तिनं त्यांच्या पायाकडे बघितलं.

"काकी, गुरघं दुखतान काय? त्याना काय, खुर्ची ठेवतो मांडवान. आता समद्या ठिकानी ठेवतान."

ती चांगल्या मनानं बोलली. पण खुर्ची हा शब्द ऐकला आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. चौक खाली, दिवा खाली, देव खाली उतरणार आणि धवलारीण वर खुर्चीत? त्या पटकन बोलून गेल्या, "नाय ग. मना सुतक हाय."

"आगो बाय. कोन गेला?"

"मोऱ्याची पुतळाकाकी."

वैशालीनं पुढे केलेला नारळ मागे घेतला. सुतकातल्या बाईच्या ओटीत लग्नाचा नारळ कसा घालणार? हळहळ करून ती निघून गेली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पुतळाकाकी म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलत काकी, उरणच्या पुढे मोऱ्याला लेकीकडे राहणारी. आदल्याच आठवड्यात तिच्या लेकीनं अंकुरला फोन करून सुकट पाठवते म्हणून सांगितलं होतं. बाई ठणठणीत होती.

"आई, हे काय केलंत?"

"तेंचा लगीन उरकला का सांगन, फोन चुकीचा आलेला." त्यांना वेळ मारून न्यायची होती. पण सुतक हे काही ताप नव्हे, की एकट्या माणसाला येईल. ते सगळ्या भावकीला लागतं. एवढी मोठी गोष्ट लग्नविधी जाणणारी बाई घाबरून विसरली.

वैशालीनं वाटेत भेटेल त्याला बातमी सांगितली आणि दुपारपर्यंत आमच्या भावकीतल्या घरांनी देव्हारे झाकले. एका घरी साखरपुडा होता, जिलेब्यांची कढई चढलेली, ती उतरवली. मुलीकडचे आलेले पाहुणे परत गेले आणि जाताना हा अपशकुन कुणाचा म्हणून कुजबुजले. आम्हाला यातलं काही कळायच्या आत भावकीतली चार मोठी माणसं लुगडं आणि हार घेऊन उरणच्या गाडीत बसलीसुद्धा. मोऱ्याला पोचली तर पुतळाकाकी दारात स्टुलावर बसून सुकट निवडत होती.

"हार कोनाला रं?" तिनं विचारलं म्हणे.

शेवटी एकानं कमळीचं नाव घेतलं. काकी बराच वेळ हसली, मग सगळ्यांना चहा दिला आणि हार ठेवून घेतला.

आमच्याकडे मात्र कुणी हसलं नाही. साखरपुड्याच्या घरची बाई ओट्यावर उभी राहून जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता हे सगळ्यात वाईट. वामननं दुसऱ्या गावची धवलारीण आणली. मासळी बाजारात बायका एकमेकींना म्हणू लागल्या, तब्येत सांभाळ बाई, कमळीला परत एखादं लगीन टाळायचं असंल. मी घाटी, मला गावात हसतात याची सवय होती. सासूबाईंना नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि ओट्यावर येणंच बंद केलं. जेवायला ताट आत न्यावं लागायचं. कुणी आलं की त्या दिवा मालवून बसायच्या.

माझे सासरे, चांगदेव, खाडीवरचा माणूस, आठवड्याला चार वाक्यं बोलणारा. एका संध्याकाळी ते दारातून आत बघून एवढंच म्हणाले, "काकीला एकदा मारलंस तेवरा पुरा नव्हता झाला. आता परत मारलंस."

मला काही कळेना. गीतांजलीताई आली होती, तिनं मला बाहेर नेऊन सांगितलं. तिच्या स्वतःच्या लग्नातली गोष्ट. तेव्हा गावची धवलारीण पुतळाकाकी होती आणि सासूबाई तिच्या मागे बसून झील धरायच्या, शिकायच्या. मांडवाच्या दिवशी काकीनं हळूच सांगितलं, पाय वळत नाहीत, छोटं स्टूल दे. सासूबाई नवरीची आई, अंगात मानाचं वारं, भरल्या मांडवात बोलल्या, "देवाच्या डोक्याव बसून धवला गाशील काय?" बायका हसल्या. काकी खाली बसली. सगळं गायलं. नंतर तिला चौघींनी बगलेत हात घालून उठवलं. त्या दिवसानंतर तिनं धवला गायला नाही आणि थोड्याच दिवसांत मोऱ्याला लेकीकडे निघून गेली. गावानं नारळ आमच्या ओट्यावर आणायला सुरुवात केली.

"आई कधी बोलली नाही त्यावर," ताई म्हणाली. "पण गुडघे दुखायला लागले तेव्हापासून तिला झोप नाही."

दीड महिना संपला त्या सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यासमोर पाट मांडला आणि बसायचा प्रयत्न केला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अर्ध्यावर गुडघा अडला. त्यांनी दुसऱ्यांदा केला. मग भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. डॉक्टरकडे मी नेलं. दुखणं निम्म्यानं उतरलं होतं, चाल सुधारली होती, त्यानं समाधानानं सांगितलं. नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. फट होती तेवढीच होती.

"माझाच रगात होता ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आजी. आणि त्यानं काम केलं की. तुम्ही जिना चढून आलात."

"खाली बसाला?"

डॉक्टरनं मान हलवली. "शस्त्रक्रिया करून सांधा बदलणं हा पुढचा उपाय आहे. पण त्यानंतरही जमिनीवर मांडी घालायला मी परवानगी देणार नाही. खुर्चीवर बसा. त्यात कमीपणा काय आहे?"

त्याला काय ठाऊक. बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाई रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "मना लाज वाटते, प्रिया. गुरघ्याची नाय वाटत. तिनी स्टूल मांगलेला, तवा तिचा गुरघा असाच असंल. मना आज समजला. आज." आणि मग, "मना मोऱ्याला ने."

उरणच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि खाडी, मिठागरं, नवे पूल यांतलं काहीही न बघता मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिल्या. पिशवीत नारळ होता. मोऱ्याच्या धक्क्याजवळ, बोटी दिसतात अशा गल्लीत पुतळाकाकीचं घर. ती दारातच होती, स्टुलावर. केस सगळे पांढरे, डोळे तल्लख. सासूबाई पायरीशी थांबल्या. वाकून पाया पडायचं होतं, पण गुडघा वाकेना. त्या नुसत्याच हात जोडून उभ्या राहिल्या.

"ये ग, मारनारी," काकी म्हणाली. "खोटा मरान आला का आयुष वाढतं. तुज्या कृपेना मी आता शंभर वरसं जगते."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "काकी, मी तुमाला भरल्या मांडवान बोल्लू. ती सांगाला आयलू. मना माफ नका करू, पन रुतिकाच्या मांडवान या. तुमी धवला गा. स्टूल मी मांडीन, माझ्या हाताना, समद्यांच्या म्होरं."

त्यांनी नारळ पुढे केला. काकीनं तो घेतला नाही. हसू मावळलं होतं. ती सुकटीच्या सुपात बोटं फिरवत राहिली.

"मना येत नाय आता."

"कशाला असा बोलता?"

"खरा बोलते. गायलू नाय, त गेला. मांडवाची मेढ पुजाची तवा जो धवला गायाचू, माझ्या आयेचा, तो तुला शिकवाचा राहेला होता. तुज्या लेकीच्या लग्नानंतर शिकवनार होतू." काकी थांबली. "रोज आठवते. धवल्याची पयली ओल येते, म्होरं काय नाय. लेकीला बोल्लू, तिलापन नाय येत. कोनालाच नाय येत."

मी सासूबाईंचा दंड धरला. मला गुडघ्याचं, रक्ताचं, गादीचं सगळं बोलणं तोंडावर आलं होतं, गिळून टाकलं. काकीच्या लेकीनं आतून खुर्ची आणली. सासूबाई बसल्या, काकीच्या बरोबरीनं, आणि दोघी सुकट निवडत राहिल्या. निघताना काकीनं नारळ घेतला आणि म्हणाली, "येते. ऐकाला येते."

रुतिकाच्या मांडवाच्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी गेल्या नाहीत. मांडव भरेपर्यंत घरी थांबल्या. मग भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची आणि दुसऱ्या हातात स्टूल घेऊन चालत आल्या. माझ्या हातात देईनात. साखरपुड्याच्या घरची बाई पुढेच बसली होती, वैशालीही होती. सासूबाईंनी स्टूल चौकाजवळ मांडलं, पुतळाकाकीला हात धरून बसवलं आणि मग स्वतः खुर्चीत बसल्या. चौक मी आणि गीतांजलीताईनं त्यांनी सांगितल्याप्रमाणे भरला होता, वेडावाकडाच. एक पोरगी फिस्सकन हसली. सासूबाईंचे कान लाल झालेले मला दिसले. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं घट्ट होती.

त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला. गणपती आला, एकवीरा आली, गावदेवी आली, खाडीचा देव आला. माणसं हळूहळू खुर्ची विसरली. मग मांडवाच्या मेढीची पूजा आली आणि सासूबाई थांबल्या.

एरवी त्या इथं दुसरा धवला गायच्या, आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. आज त्यांनी तो गायला नाही.

"हितं एक धवला हाय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पुतळाकाकीच्या आयेचा. मना नाय येत. काकीलापन आता नाय येत. ती स्टूल मांगत होती, मी नाय दिला, भरल्या मांडवान तिला बोल्लू. म्हून तो धवला गेला. माझ्यामुलं गेला. माझ्या नातीला तो नाय भेटला."

भटजीनं घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. रुतिका हळदीच्या साडीत मान खाली घालून बसली होती. मेढीपुढे नुसता दिवा जळत होता. जेवढा वेळ तो धवला चालला असता, तेवढा वेळ सासूबाई गप्प राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग पुतळाकाकीनं स्टुलावरून वाकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्होरं गा, कमळे," ती म्हणाली. "पोरीला हलद लागाची हाय."